दोन बोटं पत्रा

फक्रुद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजला माळा होता आणि माळ्यावर पोती होती. उद्यमनगरात नवा आलेला माणूस ती थप्पी बघून समजायचा, मिस्त्री गॅरेजच्या जोडीला शेंगांचा व्यापार करत असणार. एकदा एका पावण्यानं खरोखरच भाव विचारला. मिस्त्रीनं गंभीर चेहऱ्यानं एका पोत्यात हात घातला, आतून सायलेन्सरचं गंजकं कोपर काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "ह्या साली शेंग जरा कडक निघालीया."

पोत्यांत होते ते गाड्यांचे काढून ठेवलेले अस्सल भाग. कोल्हापुरात गाडी पळवायची हौस मोठी, आणि पळवून झाली की विकायची घाईही तेवढीच. नवी गाडी घेतलेलं पोरगं सहा महिन्यांत मिस्त्रीकडं यायचं. फिल्टर बदला, सायलेन्सर बदला, इंजिनाला हुकूम देणारी ती कॉम्प्युटरची डबी असते तिला जरा शहाणी करा, अशी यादी असायची. दोन-तीन वर्षांनी लग्न ठरलं की तेच पोरगं, थोडं पोट सुटलेलं, परत दारात उभं. गाडी विकायची आहे आणि गिऱ्हाईक कंपनी फिटिंग मागतंय. मग मिस्त्रीनं माळ्यावरून त्याच्या नावाचं पोतं उतरवायचं, जुने भाग पुसूनबिसून परत बसवायचे आणि आपलं काम आपल्याच हातानं नाहीसं करायचं. चार दिवसांनी ती गाडी 'मॅडमनी वापरलेली' म्हणून बाजारात उभी राहायची. त्या मॅडमना मिस्त्री चांगला ओळखत असे. त्यांना मिशा होत्या, आणि त्यांनी ती गाडी पन्हाळ्याच्या वळणावर दोन चाकांवर उभी करून दाखवली होती.

मिस्त्रीचं वय एकसष्ट. बाप फौंड्रीत साचे भरायचा. पोरानं ऑइल इंजिनापासून सुरुवात केली आणि गाड्यांवर येऊन थांबलं. त्याच्याकडं नंतर लॅपटॉप आला, वायरींचा गुंता आला, पण निदान करायची पद्धत तीच राहिली. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही. बायको खैरुनबी म्हणायची, आयुष्यभर माझं एवढं ऐकलं असतं तर आज बंगल्यात असतो. मिस्त्री म्हणायचा, तू चालू पडायला किल्ली लागत नाही, म्हणून ऐकायचं राहून गेलं.

त्या सगळ्या पोत्यांत एक पोतं साखरेचं होतं. बाकीची कुठकुठली, तोंडाला तार गुंडाळलेली. हे मात्र पांढरं, धुतलेलं, दाभणानं एकसारखे टाके घालून शिवलेलं आणि वर निळ्या रंगात नंबर घातलेलं. ते गणपतरावांचं होतं.

गणपतराव बिद्रीच्या साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर ते फुलेवाडीला घर बांधून राहिले, पण त्यांच्यातला स्टोअरकीपर काही निवृत्त झाला नाही. घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या दृष्टीनं पुढच्या मालकाची होती आणि तोपर्यंत ती आपल्याकडं सांभाळायला दिलेली होती. फ्रीजचं खोकं त्यांनी चौदा वर्षं जपलं. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक होतं, त्यावर आणखी एक प्लास्टिक होतं. सोफ्याला एवढी कव्हरं होती की सोफ्याचा रंग कुठला यावर नवराबायकोत मतभेद होते. गाडी घेतली तेव्हा कारखान्यातल्या सोबत्यांनी मायलेज विचारलं, गणपतरावांनी शोरूमवाल्याला विचारलं, "पाच वर्षांनी मोडताना काय येईल?" तो पोरगा हसला होता. गणपतराव हसले नव्हते.

आणि अशा माणसाच्या पोटी पृथ्वीराज. एकुलता एक. डिप्लोमा केलेला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला. गाडी जुनी झाल्यावर, म्हणजे पाच-सहा वर्षांनी, बापानं एकदाची किल्ली त्याच्या हातात दिली आणि पोरगं तिथून सरळ उद्यमनगरात मिस्त्रीच्या दारात आलं. त्याच्या मागून पंधरा मिनिटांनी स्कूटरवर गणपतराव आले.

त्या दिवशी दोघा बापलेकांत मिस्त्रीच्या बाकड्यावर बसून जो तह झाला, तसा तह उद्यमनगरात त्याआधी झाला नव्हता. गणपतरावांचं म्हणणं साधं होतं. पोराची हौस आहे, करू दे. पण जे खोलता येतं आणि परत बसवता येतं तेवढंच करायचं. कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, पत्र्याला हात लावायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग वहीत लिहायचा, पोत्यात घालायचा, पोतं शिवायचं. त्यांनी पिशवीतून वही काढली, पोतं काढलं, दाभण आणि सुतळीसुद्धा काढली.

"मिस्त्री, सही करा," ते म्हणाले.

"आबा, पोरीचं लगीन ठरवालोय व्हय आपुन?"

"पोरीला कोण परत मागत न्हाय. हे परत मागणार हाय मी."

मिस्त्रीनं हसत सही केली. शेजारच्या लेथवाल्या गुंडूनं साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. त्याला सही येत होती, पण अंगठ्यानं कागद जास्त वजनदार दिसतो असं त्याचं म्हणणं पडलं.

आणि मग दर वर्षी खंडेनवमीला गणपतराव यायला लागले. त्या दिवशी उद्यमनगरात यंत्रं बंद असतात, धुऊन-पुसून हळदकुंकू लावलेली. गुंडू आपल्या लेथची पूजा उरकायचा आणि झेंडूची एक माळ आणून मिस्त्रीच्या इंजिन उचलायच्या चेन-पुलीला घालायचा. गॅरेज उघडल्या वर्षापासून शेजाऱ्यांचं ते ठरलेलं होतं, आणि मिस्त्रीकडून पेढे जायचे. नेमकी पेढ्यांचा पुडा सोडायच्या वेळी गणपतरावांची स्कूटर थांबायची. पोतं खाली यायचं. ते टाके उसवायचे, एकेक भाग फडक्यानं पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे, वहीत खूण करायचे आणि पोतं परत शिवून वर चढवायचे. मग पेढा खायचे. गुंडू म्हणायचा, लोक यंत्रांची पूजा करतात, आबा पोत्याची करतात. त्यावर आबा म्हणायचे, यंत्र झिजतं, पोतं झिजत नाही.

खरं सांगायचं तर त्या अटींनी मिस्त्रीला खुळं केलं होतं. कापायचं नाही म्हटल्यावर डोकं चालवावं लागतं. इंजिनाच्या माथ्याचा तो जड भाग, हेड म्हणतात त्याला, आतून घासून मोकळा केल्याशिवाय इंजिन श्वास घेत नाही, आणि एकदा घासला की तो परत पहिल्यासारखा होत नाही. म्हणून मिस्त्रीनं मोडीतून दुसरं हेड शोधून आणलं, ते तीन आठवडे घासलं आणि अस्सल हेड पोत्यात गेलं. पृथ्वी कामावरून सुटला की यायचा आणि रात्रपाळीच्या भोंग्यापर्यंत समोर बसून राहायचा. चाचा, मी घासू का, एवढंच विचारायचा. ज्या संध्याकाळी ते इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, मिस्त्रीनं नेहमीसारखा स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग मूठ पृथ्वीच्या कानाला लावली. पोरगं ऐकत राहिलं. चाळीस वर्षांत आपल्या हातून असं इंजिन झालं नाही, हे मिस्त्रीला त्या क्षणी कळलं, आणि ते कळायला नको होतं असं त्याला पुढं कायम वाटत राहिलं.

कारण चार दिवस गाडी चालवून बघितल्यावर मिस्त्रीच्या लक्षात आलं, ही गाडी पळते तशी थांबत नाही.

सपाट रस्त्याला चालून गेलं असतं. पण उतारावर, घाटात, एकामागून एक ब्रेक दाबत गेलं की चाकाआडच्या त्या लहान तबकड्या तापणार. तापल्या की पकडणार नाहीत. कंपनीनं त्या तबकड्या कंपनीच्या इंजिनासाठी दिल्या होत्या, मिस्त्रीच्या इंजिनासाठी नव्हे. त्यानं गुंडूला सांगितलं. गुंडूनं मोठ्या गाडीच्या नव्या कोऱ्या तबकड्या, डिस्क म्हणतात त्यांना, लेथवर धरल्या, कातल्या, भोकं नव्यानं पाडली आणि पृथ्वीच्या गाडीच्या मापाच्या करून दिल्या. काम सुरेख झालं. फक्त त्या डिस्क जुन्या चाकात मावेनात. मोठी चाकं पाहिजेत. आणि मोठी चाकं घातली की वळणावर ती फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आतल्या कडेला घासणार. ती कड कापायला हवी होती. दोन बोटं पत्रा, चारी चाकांना.

गणपतरावांना बोलावलं. मिस्त्रीनं सगळं समजावून सांगितलं. गणपतराव गुडघ्यावर बसले, फेंडरच्या आत दोन बोटं घातली आणि त्या कडेवरून सावकाश फिरवली.

"मिस्त्री, एजंट पयलं बोट हितं फिरवतोय. बानेट उघडायच्या आदी. हितं कड न्हाय म्हणजे गाडी ठोकलेली, नायतर खेळवलेली. मग तुमी पोतंभर काय बी आणा."

"आबा, दोन बोटं पत्रा हाय."

"दोन बोटंच बघत्यात लोक."

मिस्त्रीनं आणखी एकदा सांगून बघितलं. गणपतरावांनी वही उघडून सही दाखवली. पत्र्याला हात लावायचा नाही. खाली मिस्त्रीची सही, बाजूला गुंडूचा अंगठा. पृथ्वी बापाकडं बघत होता, मग मिस्त्रीकडं बघितलं आणि हसला. त्यानं त्या डिस्क तेलकट कागदात गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि स्वतः माळ्यावर नेऊन पोत्यांच्या मागं ठेवल्या. "ऱ्हाऊ दे चाचा," खाली उतरताना तो हळूच म्हणाला. "आबा दिवाळीपातूर नरम पडत्यात. मी बघतो."

त्या वेळी मिस्त्रीनं एक गोष्ट करायला हवी होती. ते हेड उतरवून जुनं हेड चढवायचं आणि सांगायचं, ब्रेक नाहीत तर इंजिनही नाही. दोन दिवसांचं काम. त्यानं ते केलं नाही. घाटात दमानं जा, एवढं सांगितलं. ते इंजिन आता रस्त्यावर होतं, संध्याकाळी पृथ्वी गल्लीत शिरला की दोन दुकानं अलीकडून त्याचा आवाज यायचा आणि मिस्त्री हातातलं काम थांबवायचा. ते खोलायला त्याचा हात झाला नाही.

दिवाळी आली आणि गेली. गणपतराव नरम पडले नाहीत. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पृथ्वी एकटाच गगनबावड्याला गेला आणि तिथून भुईबावड्याचा घाट उतरायला लागला. खाली कोकणात मित्र मासे खायला थांबले होते. रस्ता कोरडा होता, ऊन चांगलं पडलं होतं. चौथ्या की पाचव्या वळणावर गाडी सरळ गेली.

पंचनाम्यात अतिवेग असं लिहिलं. लोकांनीही तेच म्हटलं. क्रेननं वर काढलेली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकली होती. चार दिवसांनी मिस्त्री आणि गुंडू तिथं गेले. पुढचा भाग आत गेला होता, इंजिन बाजूला सरकलं होतं. मिस्त्रीनं इंजिनाकडं बघितलं नाही. तो चाकापाशी बसला. डिस्क निळी-जांभळी पडली होती, तव्यावर काहीतरी विसरून राहावं तशी. तिला घट्ट धरायचे ते गुटके कोळशासारखे हातात भुगा झाले. पोरानं ब्रेक दाबला होता. परत परत दाबला होता. मिस्त्री कितीतरी वेळ उकिडवा बसून होता. शेवटी गुंडूनं काखेत हात घालून उठवला.

दोघं गाडीनं परत निघाले. बालिंग्याच्या पुलावर आल्यावर गुंडू म्हणाला, "ब्रेक गेलं."

"व्हय."

"इंजिनानं न्हाय मेला त्यो. हे सांगायला पायजे."

"कुणाला?" मिस्त्रीनं विचारलं. "आबाला?"

फुलेवाडीचा नाका आला, गणपतरावांच्या गल्लीचं तोंड आलं. दोघांनीही दुसऱ्या बाजूला बघितलं.

आठ महिने तसेच गेले. उद्यमनगरात कुजबुज होती. मिस्त्रीनं गाडीत काय भरलं कुणास ठाऊक, पोरगं घेऊन गेली, असं म्हणायचे. समोर कुणी म्हणत नव्हतं, कारण कुणाला नक्की माहीत नव्हतं, आणि मिस्त्रीचं नाव चाळीस वर्षांचं होतं. गुंडू त्याला अधूनमधून टोचायचा. अरे, तू तोंड उघडलंस तर तुझं नाव धुऊन निघतंय. मिस्त्री म्हणायचा, बघू. सगळ्यात वाईट गोष्ट निराळीच होती. दोन पोरं येऊन गेली. त्यांना पृथ्वीच्या गाडीला होतं अगदी तसंच इंजिन पाहिजे होतं. मिस्त्रीनं त्यांना पाणी पाजलं आणि घालवलं, मग आत जाऊन बराच वेळ हात धूत बसला.

खंडेनवमी आली. मिस्त्रीनं गॅरेज झाडलं, पेढे आणले. या वर्षी कुणी येणार नाही हे त्यानं मनाशी धरलं होतं. गुंडू माळ घेऊन आला आणि ती पुलीला अडकवत असतानाच बाहेर स्कूटर थांबली.

गणपतराव आत आले. अंगावर कपडे सैल झाले होते. हातात पिशवी होती. पिशवीत वही, तेलाची डबी, फडकं, दाभण. ते बाकड्यावर बसले आणि दर वर्षीसारखं म्हणाले, "काढा खाली."

ज्या गाडीत हे भाग परत बसायचे होते ती ठाण्याच्या आवारातून मोडीत जाऊन दोन महिने झाले होते. ती ज्याची होती तो नव्हता. पण पोतं होतं. मिस्त्री शिडी चढला आणि पोतं खांद्यावर घेऊन उतरला. माळ्यावर त्या पोत्यामागं तेलकट कागदातली गाठोडी तशीच होती. त्याच्या हाताला ती लागली.

गणपतरावांनी टाके उसवले. फिल्टरचा डबा, सायलेन्सर, चार इंजेक्टर, शेवटी दोन्ही हातांनी उचलून ते अस्सल हेड. एकेक पुसलं, तेल लावलं, वहीत खूण केली. गुंडू पुलीखाली माळ हातात धरून तसाच उभा राहिला. अर्धा तास गेला असेल.

"सगळं हाय," गणपतराव वही मिटत म्हणाले. मग वही परत उघडली आणि पहिल्या पानावर, अटींच्या खाली, बोट ठेवलं. एक सही, एक अंगठा. वर बघितलं नाही.

"मिस्त्री, तुमी पत्रा कापायला मागत हुतासा."

मिस्त्रीनं पेढ्यांची ताटली बाकड्यावर ठेवली.

"आठ म्हैनं झालं मला झोप न्हाय. कड कापली असती, मोठं ब्रेक बसवलं असतं, तर..." त्यांचं बोट सहीवरून सरकत अटीवर गेलं आणि तिथंच थांबलं. "एवढंच सांगा. खरं सांगा. वाचला असता का?"

गुंडूनं मिस्त्रीकडं बघितलं. आता सांग, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. एका वाक्याचं काम होतं. व्हय आबा, वाचला असता. तेवढ्यानं उद्यमनगरातली कुजबुज थांबली असती, चाळीस वर्षांचं नाव जिथं होतं तिथं आलं असतं. आणि हा समोरचा माणूस ते वाक्य घेऊन फुलेवाडीला गेला असता, रोज सकाळी उठून दोन बोटांकडं बघत बसला असता.

मिस्त्री खाली बसला, जमिनीवर, पोत्याशेजारी.

"न्हाई आबा," तो म्हणाला. "ब्रेकचा काय संबंध न्हाय. मी गाडी बघून आलो ठाण्यात. ब्रेक चांगलं हुतं. इंजिनच जास्त झालं. मी प्रमाणाबाहेर केलं ते. त्या गाडीला ते द्यायला नको हुतं. चूक माझी हाय."

पहिली दोन-तीन वाक्यं बोलताना जीभ जड होती. शेवटची सहज आली. ती खोटी नाहीत हे त्याला बोलता बोलताच कळलं.

गणपतराव त्याच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सैल पडलं, पोत्याचा टाका उसवावा तसं. त्यांनी पाणी मागितलं. गुंडूनं तांब्या दिला. ते घटाघट प्याले. मग न विचारता पुढ्यातला पेढा उचलला आणि पूर्ण खाल्ला. दुसरा उचलला. आठ महिन्यांत माणसानं धड काही खाल्लेलं नसावं.

दुसरा पेढा निम्मा झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"तुझी चूक," ते म्हणाले. इतकी वर्षं ते मिस्त्रीला तुम्ही म्हणत आले होते.

"व्हय आबा."

"तुला कळत हुतं, आनि दिलंस."

"व्हय."

गणपतराव उठले. उरलेला पेढा त्यांनी ताटलीत परत ठेवला. भाग पोत्यात भरले, पण शिवलं नाही. दाभण पिशवीतच राहिलं. पोत्याचं तोंड मुठीत धरून त्यांनी ते स्वतः ओढत बाहेर नेलं. मिस्त्री मदतीला पुढं झाला तर त्याचा हात झटकला. दारात थांबून, गल्लीत पूजा उरकून उभ्या असलेल्या चार-सहा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात ते गुंडूला म्हणाले, "ऐकलंस न्हवं? सोताच्या तोंडानं बोलला. साक्षीदार हाईस तू."

गुंडूनं तोंड उघडलं. मिस्त्रीनं त्याच्याकडं एकदाच बघितलं. गुंडूनं तोंड मिटलं आणि मान हलवली. आयुष्यातली दुसरी साक्ष त्यानं अशी दिली, अंगठ्याशिवाय.

त्यानंतर कुजबुज राहिली नाही. आता सगळ्यांना नक्की माहीत होतं. फुलेवाडीपासून बिद्रीपर्यंत गणपतराव भेटेल त्याला सांगत होते, मिस्त्रीनं कबूल केलंय. कुणीतरी परिवहन कार्यालयात अर्ज केला, दोन माणसं येऊन गॅरेज बघून गेली, लॅपटॉप घेऊन गेली. माळ्यावरच्या पोत्यांचे मालक एकेक करून आले आणि गाड्या न विकताच पोती उचलून घेऊन गेले. माळा रिकामा झाला. मिस्त्रीकडं आता ऑइल बदलायला रिक्षा यायच्या, एखादी शाळेची व्हॅन यायची. तो लांब स्क्रू-ड्रायव्हर खिळ्याला टांगलेला होता, त्याला मिस्त्री हात लावत नसे. रिक्षात ऐकण्यासारखं काही नसतं, असं तो सांगायचा. गुंडू त्याच्याशी पंधरा दिवस बोलला नाही. सोळाव्या दिवशी येऊन म्हणाला, "तू खुळा हाईस," आणि नेहमीसारखा चहाला बसला.

दिवाळी झाल्यावर एकदा खैरुनबी भाजी आणायला गंगावेशीला गेली होती. तिथं तिला अंबूबाई दिसल्या, गणपतरावांच्या बायको. खैरुनबी तोंड चुकवून निघाली होती. अंबूबाईंनीच हाक मारून थांबवलं. झालेल्या गोष्टीचा विषय त्यांनी काढला नाही. पिशवीत वांगी भरता भरता म्हणाल्या, "आता जेवत्यात. रात्री झोपत्यात बी." मग जरा थांबून, वांग्यांकडं बघतच, "तुमच्या मालकास्नी सांगा."

खैरुनबीनं घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिकाम्या माळ्यावर चढला, तेलकट कागदातली गाठोडी खाली आणली आणि सायकलला लावून कोपऱ्यावरच्या मोडवाल्याकडं गेला. बाळासो मोडवाला बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं, पत्रा वेगळा असा ढीग लावत बसला होता. हे सगळं बीड फौंड्रीत जाऊन वितळायचं आणि कशाचं तरी झाकण व्हायचं.

बाळासोनं सुतळी तोडली, कागद उलगडला. डिस्क उजेडात धरून फिरवली. गुंडूच्या लेथच्या बारीक रेघा तिच्यावर अजून चमकत होत्या. त्यानं अंगठा फिरवून बघितला.

"मिस्त्री, नव्या कोऱ्या हायत की ह्या. एकदा बी चाकाला लागल्या न्हाईत. मोडीत कशाला घालालायसा? कुनाच्या तर गाडीला बसवा."

मिस्त्रीनं सायकलचं स्टँड काढलं.

"न्हाई बसत," तो म्हणाला. "पत्रा कापावा लागतो."